दिनकर, तो आकडा तू तपासला नाहीस

दिनकर, मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणू देत. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुला जिवंतपणीच सवय होती. या वेळी जरा जास्त लांब गेलास, एवढंच. मी अजून तिथेच बसलो आहे आणि मला बोलायचं आहे.

तू गेल्याचं मला आमच्या तंत्रशाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. तुझा धाकटा भाऊ बोलत होता. त्याला वाटलं असेल मी रडेन, निदान कसं झालं, कधी झालं ते विचारेन. मी त्याला विचारलं, ‘‘दिनकर एवढ्यात मेहकरले जाऊन आला होता का?’’ बिचाऱ्याला काही समजेना. ‘‘मेहकरले? नाई बा. थो तं पुण्यातच होता,’’ म्हणाला. मी फोन ठेवला आणि शिपायाच्या बाकावर बसून राहिलो. रडू नंतर आलं, घरी जेवताना, आणि आलं तेव्हा बायकोला ताट उचलावं लागलं. पण सगळ्यात आधी डोक्यात आलं ते हेच, की आता मेहकरच्या कौसाबाईचं काय करायचं. तिला जे ऐकायचं होतं ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो न सांगता गेला.

आधी चांगलं बोलून घेतो. नाहीतर म्हणशील, उत्तम्याचं तोंड पहिल्यापासून कडूच.

पुण्याच्या त्या कंपनीत ‘मले-तुले’ करणारे आपण दोघंच. तू धाडचा, मी बीबीचा. जिल्हा एक, पण तिकडे असतो तर आपली ओळख झाली नसती. तुझ्या आळीतून माझ्या वस्तीत यायला रस्ता होता, कारण नव्हतं. पुण्यात मात्र पहिल्याच दिवशी तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, ‘‘तू बुलढाण्याकडचा होय ना बे? मंग इतका गुपचूप काऊन बसला?’’ बाकीचे आपलं बोलणं ऐकायला मुद्दाम चहाच्या वेळी जवळ सरकायचे आणि हसायचे. मला शरम वाटायची. तू उलट आवाज चढवायचास.

आणि ती खोली. नारायण पेठेत आपण दोघांनी बघितलेली, तू आधी राहायला गेलास, मी आठवड्यानं ट्रंक घेऊन आलो. मालकानं माझं आडनाव विचारलं, आणि मग त्याला एकदम आठवलं की त्याचा भाचा येणार आहे. तू आत जेवत होतास. हात धुतलास, स्वतःची ट्रंक उचललीस, मालकाशी एक शब्द बोलला नाहीस, मला म्हणालास, ‘‘चाल.’’ त्या रात्री आपण स्टेशनवर झोपलो. त्यावर पुढं कधी तू बोलला नाहीस, मीही नाही. तो माणूस तूच होतास, हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर सोपं गेलं असतं.

यंत्राच्या पोटात कसं उतरायचं हे मला तू शिकवलंस. कॉलेजात मी पुस्तकं पाठ केली होती, पण प्रोसेसर एका वेळी एकच गोष्ट करतो आणि तरी सगळं एकदम चाललंय असा भास कसा होतो, हे तू मला खानावळीच्या टेबलावर वाटाण्याचे दाणे मांडून समजावलंस. कर्नेल म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसलेला, सगळ्यांना वेळ आणि जागा वाटून देणारा मूळ प्रोग्राम. आपण दोघं त्याला गाभा म्हणायचो. तुझ्याइतका आटोपशीर गाभा लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हे मी राग बाजूला ठेवून लिहितोय असं समजू नकोस, राग आहे तिथेच आहे.

तुझ्या घरी धाडला तू विजेवर चालणारं एक घड्याळ करून ठेवलं होतंस, आठवतं? विजेच्या तारेतून येणारे ठोके मोजायचं आणि त्यावरून वेळ दाखवायचं. संध्याकाळी सगळीकडचे दिवे आणि पंप सुरू झाले की विजेचे ठोके मंदावायचे आणि तुझं घड्याळ मागे पडायचं. तुझे आबा वैतागले होते. ‘‘हे घड्याळ होय का बैल? दिवस मावळला की थकते.’’ तू मला म्हणालास, ‘‘धाडचा सेकंद रेडिओच्या सेकंदापेक्षा मोठा असते बे.’’ आपण किती हसलो होतो. आज ती आठवण काढतो ती हसण्यासाठी नाही. बाहेरून आलेल्या वेळेवर डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही, हे तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. तुझ्या घरच्या भिंतीवर ते टांगलेलं होतं.

मग ते जिनिंगचं काम आलं. कापसातून सरकी वेगळी काढायच्या फॅक्टऱ्यांसाठी कंपनीनं नियंत्रणाचं यंत्र करायला घेतलं आणि पहिलं यंत्र बसणार होतं मेहकरला. आपल्याच जिल्ह्यात, म्हणून काम आपल्याकडे. त्यातला एक भाग अगदी साधा होता. ढिगावरचा कापूस आत नेणारा लांब पट्टा असतो. तो सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजला पाहिजे, आणि ठरलेला वेळ वाजत राहिला पाहिजे, म्हणजे पट्ट्याजवळच्या बायका बाजूला होतील. तो वेळ किती, ते ऑपरेटर बटणं दाबून सांगणार. माझा प्रोग्राम त्या मिनिटांचे ठोके करून गाभ्याला देणार आणि म्हणणार, एवढं थांब. गाभा तेवढं थांबणार आणि मग पट्टा चालू करणार.

विजेचे ठोके सेकंदाला पन्नास. ते मोजायला गाभ्यात तू जेवढी जागा ठेवली होतीस तीत जेमतेम अकरा मिनिटं मावायची. त्याहून मोठा आकडा आला तर तो उलटून उणे व्हायचा. आणि उणे वेळ म्हणजे काय, तर वेळ कधीच होऊन गेली. गाभा थांबायचाच नाही. जास्त थांब म्हटलं की अजिबात थांबायचं नाही, असं ते होतं.

मी तुला विचारलं होतं, दिनकर. एकदा नाही, दोनदा. एकदा टेबलावर, एकदा चहाच्या टपरीवर.

‘‘वरून मोठा आकडा आला तं?’’

‘‘दोन मिनिटं देतीन बे थे. फार तं पाच. तासभर भोंगा कोण वाजवून राह्यलं?’’

‘‘कोणी दिला तं?’’

‘‘कोणी काऊन देईन?’’

‘‘बरं, मंग मी माह्या प्रोग्रामात तपासतो. मोठा असला तं वापस करतो.’’

त्यावर तू चिडलास. ‘‘गाभ्यात किती मावते थे गाभ्याले माहीत. उद्या मी जागा वाढवली तं तू तुहा प्रोग्राम बदलत बसशीन का? तपासणी एकाच जागी पाह्यजे, आन थे जागा माही.’’

हे तू अगदी बरोबर बोललास. म्हणून मी गप्प बसलो. आजही मी पोरांना वर्गात हेच शिकवतो, की ज्याच्या हातात मर्यादा त्यानंच दारात उभं राहून आकडा तपासायचा, दहा जणांवर ते काम सोडायचं नाही. ते शिकवताना तुझं नाव घेत नाही. पण ज्या जागेवर तू हक्क सांगितलास ती जागा तू रिकामी ठेवलीस. टपरीवर मी पुन्हा विचारलं तर म्हणालास, चिपमध्ये जागा उरली नाही, हंगाम तोंडावर आलाय, पुढच्या खेपेला बघू. आणि त्याच चिपच्या शेवटी तू तुझं नाव घातलं होतंस. नाव, गाव धाड, जिल्हा बुलढाणा. ते कोणाला कधी दिसणार नव्हतं, नुसतं आत पडून राहणार होतं. मला तू ते दाखवलंस तेव्हा मला आवडलंही होतं. वाटलं, पुण्याच्या यंत्राच्या पोटात आपला जिल्हा.

यंत्र बसवायला आपण दोघं मेहकरला गेलो. काम संपल्यावर शेठनं नारळ आणला. मी मागे सरलो, आमच्या घरात ते नाही. तू पुढं झालास, मशीनला हात जोडलेस, नारळ फोडलास, बायकांना खोबरं वाटलंस. कौसाबाई तिथंच होती, सरकीच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांत. तुला पाहून ती म्हणाली, ‘‘साहेब, तुमच्या हातचं मशीन होय, लेकरासारखं चालन.’’ तू खूश झालास. परतीच्या एस.टी.त तू ते वाक्य मला दोनदा ऐकवलंस.

हंगामाच्या मुहूर्ताला आपण नव्हतो. जे झालं ते मला नामदेवनं सांगितलं. नामदेव म्हणजे तिथला ऑपरेटर, सरळ माणूस. महाराजांनी मुहूर्त काढून दिला होता आणि मुहूर्त निसटत चालला होता, कारण शेठच्या पाहुण्यांची जीप उशिरा आली. बटण मुहूर्तातच दाबलं गेलं पाहिजे, असा महाराजांचा हट्ट. इकडं बायकांची पूजा व्हायची होती, आरती व्हायची होती. तेव्हा नामदेवनं डोकं चालवलं. भोंग्याचा वेळ त्यानं पंधरा मिनिटं केला. म्हणजे शेठनं बटण मुहूर्तात दाबायचं, आणि पट्टा सुरू व्हायचा आरती झाल्यावर. देवाचंही राहिलं, महाराजांचंही राहिलं, बायकांनाही भरपूर वेळ. मला सांग, यात त्या माणसाचं काय चुकलं? ‘कोणी काऊन देईन’ म्हणाला होतास ना तू? आपल्याकडचा माणूस असा देतो. जीवाला जपून देतो.

शेठनं बटण दाबलं. भोंगा नुसता हुंकारला आणि पट्टा त्याच क्षणी सुरू झाला. कौसाबाई पट्ट्याच्या रुळाला हळदीकुंकू लावत होती. नामदेवनं मेन स्विच पाडेपर्यंत उजवा हात आत गेला होता. अंगठा तेवढा वाचला.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला पोचलो. पट्टा मोटरपासून सोडवला आणि स्वतः बटणं दाबली. दोन दिले, भोंगा दोन मिनिटं वाजला. दहा दिले, दहा वाजला. पंधरा दिले आणि मोटर गरकन फिरली. पोस्टात जाऊन तुला ट्रंककॉल लावला. ‘‘पंधरा दिले का उणे होऊन राह्यलं,’’ मी म्हणालो. ऑपरेटर बाई मध्येच म्हणाली, बोलताय ना? मग तू म्हणालास, ‘‘आता कोनाशी बोलू नको. इकडं ये आदी.’’

मी आलो. साहेबांच्या केबिनमध्ये आपल्याला बसवलं. त्यांनी विचारलं, गाभ्याला पंधराचा आकडा कोणाच्या प्रोग्रामनं दिला? मी म्हणालो, माझ्या. पण मर्यादा गाभ्यात तपासायची असं आमचं ठरलं होतं, मी दोनदा विचारलं होतं. साहेब तुझ्याकडे वळले. ‘‘असं ठरलं होतं का, दिनकर?’’

तू म्हणालास, ‘‘तोंडी काही बोलणं झालं असेल, सर. मला नक्की आठवत नाही.’’

शुद्ध पुणेरी मराठीत. माझ्यासमोर तू तसा पहिल्यांदाच बोललास. त्या क्षणी मला वाटलं या खोलीत मी या माणसाला ओळखत नाही. साहेबांनी मग माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, सावकाश, आणि म्हणाले की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ते ऐकताना तू खिडकीबाहेर बघत होतास. स्टेशनवर माझ्या शेजारी ट्रंकेवर डोकं ठेवून झोपलेला दिनकर तेव्हा कुठं गेला होता, हे मला आजही कळत नाही. एका घरमालकाशी तू माझ्यासाठी नातं तोडलंस आणि एका साहेबासमोर एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही.

मी नोकरी सोडली, बुलढाण्याला तंत्रशाळेत लागलो. त्याचं मला आता फारसं काही नाही. पोरं बरी आहेत, घर झालं. माझ्यापुरतं म्हणशील तर हे भांडण मी केव्हाच मिटवलं असतं.

पुढं तू नवी चिप पाठवलीस. मेहकरला ती बसवायला कंपनीचा दुसरा माणूस आला, नामदेवनं मला निरोप धाडला म्हणून मीही गेलो. पंधरा मिनिटं देऊन पाहिली. लाल दिवा लागला, भोंगा वाजला नाही, पट्टा हलला नाही. शून्य देऊन पाहिलं, तेही परत. तपासणी आली होती, चोख आली होती. मी त्या माणसाला म्हटलं, जरा आतलं शेवटपर्यंत बघू दे. शेवटी तुझं नाव नव्हतं. त्या जागेत तपासणी बसली होती, इतकी छोटी होती ती. नाव काढलंस ते जागा हवी होती म्हणून, की तिथं आता नाव नको वाटलं म्हणून, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला दोन्ही खरी वाटतात.

चिप सुधारली, पण मेहकरात काय सुधारलं नव्हतं ते ऐक. तुला ठाऊक आहे, तरी ऐक. कौसाबाई दवाखान्यातून घरी आली तोपर्यंत गल्लीत ठरून गेलं होतं, की बाजूला बसायच्या दिवसांत ती पूजेला गेली, मशीनला हात लावला, म्हणून मशीननं हात घेतला. इतक्या बायका होत्या, कोणाला काही झालं नाही, हिलाच का झालं? ती सुरुवातीला शपथा घेऊन सांगायची की तसं काही नव्हतं. मग सांगायचं थांबली. मी भेटायला गेलो तर मला म्हणाली, ‘‘असंनही बा. मले तरी काय ध्यानात राह्यते. मशीन उगच कसं धरन?’’ पुतणीच्या लग्नात जात्याला हळकुंड बांधायला सगळ्या बायका बसल्या, तिला जावेनं हळूच म्हटलं, तुम्ही पाहुण्यांच्या चहाचं पाहा. एका हातानं ती चहाचं पाहत होती.

मी तिला सगळं सांगितलं. पाटीवर खडूनं लिहून सांगितलं, वाटाण्याचे दाणे मांडून सांगितलं, तू मला सांगायचास तसं. म्हटलं, मावशी, मशीनले विटाळ कळत नाही, आकडा कळते, आन थो आकडा उलटला. तिनं शांतपणे ऐकलं, मला चहा दिला आणि म्हणाली, ‘‘तू चांगला पोरगा होय. पन तुमच्यात देव मानत नाईत. तू असंच म्हनशीन. ज्यायनं नारळ फोडला त्या साहेबानं सांगाव. मशीन त्यायचं होय. थे म्हनले तं मी मानीन.’’

मला राग नाही आला तिचा. खरंच नाही आला. राग आला तो तुझा, कारण तिनं मागितलेली गोष्ट फक्त तुझ्याकडे होती. माझ्याकडे खरं होतं, पण माझ्या तोंडून ते चालत नव्हतं.

मी तुला किती पत्रं लिहिली, किती फोन केले. ‘यंदा दिवाळीले येतो.’ ‘आबाचं ऑपरेशन आटपलं का येतो.’ तू येणार नाहीस असं कधीच म्हणाला नाहीस, हीच तुझी खुबी. शेवटी एकदा आलासही. मेहकरच्या स्टँडवर उतरलास, मी घ्यायला आलो होतो. तुझे केस पांढरे व्हायला लागले होते. कँटीनमध्ये आपण चहा घेतला. तिथून तिचं घर पायी जाण्यासारखं. तू कप रिकामा झाला तरी सोडत नव्हतास.

‘‘उत्तम्या, सांगून काय होईन? बोटं येतीन का वापस?’’

‘‘बोटं मागून राह्यली का थे? थिले फक्त तुह्या तोंडून पाह्यजे, का थिचा दोष नव्हता. दोन वाक्यं होयत बे.’’

‘‘मले नाई जमत.’’

‘‘काऊन?’’

‘‘तिनं मले म्हटलं होतं, लेकरासारखं चालन. थो चेहरा समोर आला का मले उभं नाई राह्यल्या जात.’’

‘‘मंग बसून सांग.’’

तू हसला नाहीस. मी मनगट धरलं तुझं, ओढलं म्हण ना. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तू मनगट सोडवून घेतलंस, अगदी हळू, आणि समोर चिखलीची गाडी लागली होती तीत जाऊन बसलास. खिडकीतून म्हणालास, ‘‘पुढच्या खेपेले. तुह्या गळ्याची आन.’’ मी म्हणालो, माझ्या गळ्याची कशाला, तुझ्या गळ्याची घे. गाडी निघाली. आपलं शेवटचं बोलणं ते. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं, पण वाटण्याला अर्थ नाही.

मला ठाऊक आहे तुला झोप लागत नव्हती. तुझ्या बायकोनं मला दहाव्याला सांगितलं, की ते कधीकधी बसल्याबसल्या उजवा हात मुठीत दाबून धरायचे, डॉक्टरांना दाखवला तर काही निघालं नाही. वहिनींना काही माहीत नाही. मी सांगितलं नाही. धाडला सगळं गाव जमलं होतं. तुझ्या भावानं चारचौघांत म्हटलं, आमच्या दिनकरनं आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. तू त्रास भोगलास, मला कळतं. पण तू तो एकट्यानं, गुपचूप, पुण्यात बसून भोगलास आणि त्याचा कौसाबाईला काडीचाही उपयोग झाला नाही. माणसाला वाटतं मनात जळलं म्हणजे फेडलं. तसं नसतं रे.

दुसऱ्या दिवशी मी मेहकरला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. ठरवलं होतं ते इतकंच, की साहेब गेले हे तिला माझ्याकडून कळावं. ती ओट्यावर डाव्या हातानं तूर पाखडत होती. सूप मांडीशी टेकवून एका हातानं पाखडायची तिची रीत आहे. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘कवा?’’

मी सांगितलं.

‘‘वय काई नव्हतं,’’ ती म्हणाली. मग, माझ्याकडे न बघता, ‘‘जातानी काई बोलले का माह्याबद्दल?’’

दिनकर, मी तुला सांगतो, तिथं मला संधी होती. मी म्हणू शकत होतो, नाही मावशी, तो स्टँडपर्यंत आला होता, तुमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि घाबरून परत गेला. ते खरं होतं आणि तुझी तेवढी लायकीही होती. माझ्या तोंडात ते आलं होतं.

‘‘हाव,’’ मी म्हणालो. ‘‘बोलला.’’

‘‘काय बोलले? त्यायच्या तोंडचं सांग.’’

मग मला वाक्य करावं लागलं. खरं तर करावं लागलं नाही, ते माझ्याकडे तयारच होतं, इतकी वर्षं मी ते तुझ्या तोंडून ऐकायची वाट पाहत होतो. ‘‘म्हणे, चूक माही होती. मशीनमधी वेळ तपासाचं काम माहं होतं, थे मी केलं नाई. त्या बाईचा काईच दोष नव्हता. थिले जाऊन सांगजो.’’

तिनं आत हाक मारली. जाऊ बाहेर आली. ‘‘हिच्यासमोर सांग,’’ कौसाबाई म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. जावेनं शेजारणीला बोलावलं. तिच्यासमोर सांगितलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज बसला आणि बायकांना वाटलं मित्राच्या दुःखानं बसला. ते खोटं नव्हतं. जाऊ कौसाबाईच्या शेजारी टेकली आणि तिनं ते सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

निघताना कौसाबाई मला फाटकापर्यंत सोडायला आली. डोळे पुसून झाले होते. ‘‘मी तवाच म्हनली होती,’’ ती म्हणाली, ‘‘थो साहेब सांगन. लोक कायबी म्हनत. मोठ्या मनाचा मानूस होता.’’

मी हो म्हणालो.

हे मी कुठं छापायला देणार नाही. तुला माफही केलेलं नाही, ते मला जमेल असं वाटत नाही. पण मेहकरात एका घरात आता तुझं नाव चांगल्या माणसाचं म्हणून घेतलं जाईल, आणि तू ते वाक्य कधी बोलला नाहीस हे जगात फक्त मला ठाऊक आहे. उद्या मला कोणी विचारलं तर मी सांगेन, तो बोलला होता. नक्की आठवतं मला.